समुपदेशनातील निसर्ग व हस्तानुभव : एक भाषिक परामर्श

‘समुपदेशन’ हा शब्द मराठीत आता रूढ झाला आहे. परंतु तो ज्या पद्धतींना लावला जातो त्या सर्वांशी तो जुळतोच असे नाही. ‘उपदेश’ म्हटले की सांगणारा व ऐकणारा ही जोडी गृहीत धरली जाते. निसर्ग व हातांचे काम यांवर आधारलेल्या पद्धतीत मात्र माणूस आधी काही करतो आणि मग त्याविषयी बोलतो. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली मांडलेल्या अनुभवचक्रातही प्रत्यक्ष अनुभव, त्याचे चिंतन, त्यातून कल्पनेची बांधणी व पुन्हा प्रयोग असाच क्रम आहे.

या पद्धतीचे पुरस्कर्ते रॉजर उलरिच यांच्या १९८४ च्याच संशोधनाचा आधार घेतात. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, त्यांचा मुक्काम विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा कमी ठरला. निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु तो केवळ पाहण्याविषयीचा आहे. त्यावरून निसर्गाधिष्ठित समुपदेशनाची सिद्धता मानणे हे तर्काला धरून नाही.

खरी अडचण भाषेची आहे. मुळशी तालुक्यातील माण हे गाव घ्या. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान वसाहतीचा विस्तार त्याच्या शिवारात झाला. तेथे कामासाठी आलेल्या तरुणास ‘निसर्गात जा’ म्हटले, तर त्याला सुटीचा डोंगर आठवेल. ज्याच्या घराण्याने त्याच मातीत भाताची आवणी केली, त्याच्या बोलीत ‘निसर्ग’ हा शब्द सहसा येत नाही. तेथे रान, बांध, खाचर, पाऊस असे शब्द येतात. त्यांना श्रम, मालकी आणि विकलेल्या जमिनीची आठवण चिकटलेली असते. त्याच्या हाती रोप दिल्यास विसावा मिळेल, की जखम उघडी पडेल? हा प्रश्न परभाषेतून उचललेल्या कार्यपुस्तिका विचारीत नाहीत.

याउलट १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या व्यसनमुक्ती केंद्राचे ‘मुक्तांगण’ हे नाव पाहावे. ते ना अरण्याचे आहे, ना रुग्णालयाचे. ते घरापुढच्या मोकळ्या जागेचे आहे. अनिल अवचट यांचा लाकूडकोरणीचा व कागदाच्या घड्यांचा छंद मराठी वाचकास परिचित आहेच. असा छंद दुसऱ्यास शिकविताना उपदेशाला फारसा वाव उरत नाही; लाकूड चुकीच्या दिशेने कापले, तर ते लाकूडच सांगते.

मराठीत जमीन ‘मोकळी’ असते, तसेच मनही ‘मोकळे’ होते. हे साम्य उपयुक्त आहे, पण माणसारख्या गावी ते दुधारीही आहे. कारण तेथे मोकळ्या जमिनीला भाव आलेला आहे. म्हणून समुपदेशकाने रोप वा माती हाती देण्यापूर्वी समोरच्या माणसाचा त्या वस्तूसाठीचा शब्द विचारून घ्यावा. त्या शब्दाशी कोणती स्मृती निगडित आहे हे कळल्यावाचून केलेला प्रयोग अनुभवाधिष्ठित म्हणता येणार नाही. तो उपदेशाचाच एक प्रकार ठरेल.