सहीची किंमत आणि हातांचा हिशेब

छापलेल्या चित्राच्या मर्यादित प्रती काढून त्यांवर सही करणे, ही कल्पनाच मुळात विसंगत आहे. छपाई असते ती अनेकांपर्यंत पोचण्यासाठी. येथे मात्र मुद्दाम थांबावयाचे, प्रतींना क्रमांक द्यावयाचे आणि पेन्सिलीने सही करावयाची. ही दुर्मिळता निसर्गाने दिलेली नाही. बाजाराने ती घडविली आहे.

अमेरिकन पॉप चित्रकार अँडी वॉरहॉल याने १९६७ साली मेरिलिन मन्रोच्या दहा मुद्राचित्रांचा संच काढला. संच २५०. मूळ छायाचित्र त्याचे नव्हते. ते १९५३ च्या 'नायगारा' चित्रपटाच्या प्रसिद्धीचे. छापणारे हातही दुसऱ्यांचे. वॉरहॉलची होती ती निवड, रंगयोजना आणि सही. पहिल्या दोहोंना मी कमी लेखत नाही. मृत नटीचा तोच चेहरा रंग बदलून दहा वेळा समोर आला की, बाजार माणसाचा माल कसा करतो हे कळते. स्थलांतरित मजुराच्या या मुलाला ते नेमके दिसले होते. परंतु संग्राहक पैसे मोजतो ते या जाणिवेसाठी काय? १९७० च्या सुमारास याच चित्रांच्या वेगळ्या प्रती निघाल्या. त्यांच्या पाठीवर 'सही तुमची तुम्हीच करा' अशा अर्थाचा शिक्का होता. डोळ्यांना फरक थोडा. किमतीतला फरक प्रचंड. म्हणजे विकली जाते ती सही.

मी भिवंडीजवळच्या वळचा. आमच्याकडे शेतांवर गोदामे उभी राहिली. ज्यांची जमीन होती त्यांना भाडे मिळाले. ज्यांची नव्हती त्यांच्या पाठीवर खोकी आली. माझे वडील हमाल होते. त्यामुळे वॉरहॉलने १९६४ साली न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत ब्रिलो साबणाच्या खोक्यांच्या लाकडी प्रतिकृती रचल्या, हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले, मग राग आला. साधे खोके आणि कलाकृती यांत फरक काय, यावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले. प्रश्न खराच महत्त्वाचा आहे. पण त्या खोक्याची मूळ रचना जेम्स हार्वे या चित्रकाराने पोटासाठी केली होती, हे किती रसिकांना ठाऊक असते? आणि खोक्याबद्दल माझ्या वडिलांच्या खांद्याला जे ठाऊक होते, त्याला या सौंदर्यशास्त्रात जागा कोठे?

आमच्या घरात आलेले पहिले चित्र म्हणजे बाबासाहेबांची तसबीर. वडिलांनी ती सहा डिसेंबरला दादरला, चैत्यभूमीजवळच्या फुटपाथवर घेतली. कोटाचा निळा रंग रेषेबाहेर सरकलेला. तेच चित्र शेजारच्या घरी आणि त्यापलीकडच्याही घरी. पण म्हणून आमच्या तसबिरीची किंमत घटली नाही. ती सर्वांकडे होती, हेच तिचे मोल होते. त्या चित्राखाली बसून मी पदवीपर्यंत शिकलो. संग्राहकाच्या हिशेबात या मोलाला रकाना नाही.

येथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. परंतु आपल्यालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. ती तसबीर कोणी रंगविली, कोणत्या छापखान्यात छापली, हे मी कधीच पाहिले नाही. हार्वेचे नाव न विचारणाऱ्या रसिकांवर मी रागावलो आणि माझ्याच घरातल्या चित्रकाराबाबत तेच केले. वडील मजुरीच्या वहीत अंगठा उठवीत. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या अंगठा आला, त्यांनी सहीची टर उडवू नये. आपला विरोध नावाला नाही. नावाच्या आधारे इतरांचे हात पुसून टाकण्याला आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. जुन्या तसबिरी, दिनदर्शिका, जलशांची पत्रके फेकू नका. त्यांच्या कोपऱ्यात छापखान्याचे नाव असेल तर उतरवून घ्या. छापणारा हयात असेल तर त्याला भेटा, काम कसे चाले ते विचारा. हाही संग्रहच होय. पण तो तिजोरीत ठेवावयाचा नाही, वाचनालयात ठेवावयाचा. घरची तसबीर मी अजून उलटून पाहिलेली नाही. या रविवारी ती खाली उतरविणार आहे.