उंच स्वर आणि बोटांचा विवेक

आपल्या लग्नसमारंभांत बँडच्या ताफ्यात क्लॅरिनेट पुष्कळांनी ऐकले आहे. परंतु त्याच्या अगदी वरच्या स्वरांमागची धडपड क्वचितच कोणाच्या लक्षात येते. आम्ही तरुणपणी हे वाद्य काही काळ हाताळले. आमच्या शिक्षकांचा दंडक असा, की प्रत्येक स्वराला बोटांची एकच ठेवण. दुसरी वापरणे म्हणजे लबाडी. एका समारंभात ऐन वेळी आमचा वरचा स्वर फाटला. तो दोष आम्ही कित्येक वर्षे आपल्या आळसाचा मानला. पुढे कळले, की दोष पुष्कळसा त्या दंडकाचा होता.

क्लॅरिनेटची नळी सरळ, आणि वाजविणाऱ्याच्या तोंडाकडे बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे तिच्यातून मूळ स्वराचे विषम उपस्वरच ठळकपणे उमटतात: तिसरा, पाचवा, सातवा. अंगठ्यापाशी असलेली कळ दाबली, की तिसरा उपस्वर मिळतो. त्याहून वर जायचे तर डाव्या हाताची तर्जनी उचलून पाचव्याला जागे करावे लागते. तो किंचित उतरलेला येतो. म्हणून उजव्या करंगळीने आणखी एक कळ उघडून त्याला वर चढवावे लागते. जितके वर जावे, तितके उपस्वर एकमेकांजवळ येतात. तारसप्तकाच्याही वरचा 'जी' खालच्या 'ई फ्लॅट'चा पाचवा उपस्वर म्हणून मिळू शकतो, तसाच खालच्या 'ए'चा सातवा म्हणूनही. एक ठेवण स्वराला तेजस्वी करते, दुसरी मृदू. एक चटकन उमटते, दुसरी सुरात अधिक टिकते. हळुवार लयीत एक योग्य, धावत्या लयीत दुसरी. तेव्हा पर्यायी ठेवण ही पळवाट नसून निवड आहे, आणि निवड आली की जबाबदारीही आली.

या दृष्टीने अमेरिकन संगीतकार एरन कोप्लंड यांचा क्लॅरिनेट कन्चेर्तो पाहण्यासारखा आहे. जॅझचे ख्यातनाम वादक बेनी गुडमन यांनी १९४७ साली तो लिहवून घेतला. १९४८ मध्ये तो पूर्ण झाला. तंतुवाद्ये, हार्प आणि पियानो एवढाच साथीचा परिवार. पहिला भाग संथ व उदास, मग क्लॅरिनेटचे एकट्याचे स्वगत, आणि त्यातून उसळणारा चपळ दुसरा भाग. या रचनेचा मूळ शेवट मात्र कोप्लंड यांनी बदलला. तो गुडमनला फार अवघड होता, अशी नोंद त्यांनी स्वतःच हस्तलिखितावर करून ठेवली आहे.

या नोंदीवरून गुडमन कमी पडले असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आम्हांला तो मान्य नाही. जॅझमध्ये हाच माणूस त्या उंचीवर सहज जात असे. परंतु तेथे चढण्याची वेळ त्याची, वाट त्याची, बोटेही त्याची. लिहिलेल्या रचनेत मात्र दुसऱ्याने ठरविलेल्या क्षणी, ठरविलेल्या स्वरावर अचूक उभे राहावे लागते. ठेवण कितीही सोयीची असो, ती भीती बोटांनी जात नाही.

गुडमन यांचे मोठेपण पुढच्या पायरीत आहे. १९४९ साली, चाळिशीत आणि कीर्तीच्या शिखरावर असताना, ते इंग्रज वादक रेजिनल्ड केल यांचे शिष्य झाले. माउथपीस दोन्ही ओठांमध्ये धरण्याची नवी रीत त्यांनी शिकली, बोटे नव्याने बसविली, जवळजवळ पहिल्यापासून आरंभ केला. ६ नोव्हेंबर १९५० रोजी फ्रिट्झ रायनर यांच्या संचालनाखाली त्यांनी ही रचना रेडिओवरून प्रथम सादर केली. पुढे १९६३ साली स्वतः कोप्लंड यांच्या संचालनाखाली त्यांनी ती ध्वनिमुद्रितही केली.

आता रचनेविषयी. सुधारलेल्या शेवटी क्लॅरिनेट एका लांब घसरत्या स्वराने वर चढते. येथे बोटे छिद्रांवरून हळूहळू सरकतात, एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंतच्या सीमाच पुसल्या जातात, आणि ठेवणीचा सारा हिशेब त्या घसरणीत विरून जातो. हा शेवट आनंदी आहे, लोकप्रियही आहे. तरीही आम्हांला वाटते, की पहिल्या भागातील एकाकीपणाला त्याहून कठोर उत्तर हवे होते. माघारीमुळे रचना अनेकांच्या आवाक्यात आली, हा लाभ. तिची धार थोडी बोथट झाली, ही हानी. दोन्ही मान्य करावयास हवे.

असो. आमच्या पालकवाचकांना एवढेच सांगावेसे वाटते: मुलाचा वरचा स्वर फाटला, तर त्याला आळशी म्हणण्याआधी दुसरी ठेवण करून पाहू द्यावी. कान खरा असेल, तर बोटांना एकाहून अधिक वाटा असण्यात लबाडी नाही. ती वाट त्याच स्वराकडे जाते.