उघड्या आकाशाचा वाटा

घर बांधणे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे आपण सर्वसाधारणपणे मानतो. पवित्र शास्त्र तसे मानीत नाही. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा, म्हणजे कोणी वरून पडून त्या घराला रक्तपाताचा दोष लागणार नाही, अशी आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. तर घराला घर जोडीत जाऊन इतरांस जागाच न ठेवणाऱ्यांचा यशयाने आपल्या पाचव्या अध्यायात धिक्कार केला आहे. प्रत्येक बांधकामात शेजाऱ्याचा वाटा असतो, हा या दोन्ही वचनांचा आशय होय. या कसोटीवर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांचे कार्य पारखून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

मूळच्या गोव्याच्या कॅथलिक कुटुंबातील कोरिया यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासमवेत मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची योजना मांडली. रोजगार शहराच्या दक्षिण टोकाला एकवटल्यामुळे तेथील जमीन गरिबाच्या आवाक्याबाहेर जाते. तेव्हा पदपथावर झोपणे हा त्याचा अपराध नसून नगररचनेचा दोष आहे, हे त्या योजनेमागील मर्म होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि आरंभीची काही वर्षे कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद होते. पुढे ‘द न्यू लँडस्केप’ (१९८५) या पुस्तकात त्यांनी आपली भूमिका विस्ताराने सांगितली. आपल्या उष्ण हवामानात अंगण, ओटा व गच्ची ही चैन नव्हे. गरिबाच्या संसाराची ती अर्धी जागा आहे. बहुमजली इमारत त्याला छप्पर देते, पण उघडे आकाश काढून घेते.

या विचाराचे मूर्त रूप म्हणजे बेलापूरची वसाहत (१९८३–८६). सुमारे सहा हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांची सोय. सात घरे मिळून एक समाईक अंगण, असे तीन समूह मिळून त्याहून मोठे अंगण, अशी चढती रचना. दोन घरांत सामाईक भिंत नसल्याने प्रत्येकाला सवडीने खोली वाढवता यावी, ही दृष्टी. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे सर्वांत संपन्नाची जमीन सर्वांत गरिबाच्या दुपटीहूनही कमी. समतेवर व्याख्याने पुष्कळ झाली. येथे ती मोजपट्टीने जमिनीवर आखली गेली. या अर्थाने ही वास्तुकला म्हणजे निषेधाची कृती ठरते.

तथापि समीक्षकाने येथेच थांबू नये. आज त्या वसाहतीतील अनेक मूळ घरे पाडून त्यांच्या जागी मोठी काँक्रीटची घरे उभी राहिली आहेत. रहिवाशांनी बदल करावेत हे कोरियांना अभिप्रेतच होते. परंतु जमिनीचा भाव चढू लागला की जोडीत जाण्याची यशयाने ओळखलेली वृत्ती जागी होते. आराखडा अंगण देऊ शकतो. शेजाऱ्यासाठी ते मोकळे ठेवण्याचे मन देऊ शकत नाही. ते मन घडवणे हे ज्यांचे काम, ते आपण आहोत.

दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ (१९७४–७७) ही कोरियांचीच कृती. तेथे मंदिर म्हणजे एक बंदिस्त दालन नव्हे. आच्छादित व उघड्या जागा एकमेकींत मिसळत जातात. उपासना आणि अंगण यांची फारकत होऊ नये, असे ही रचना सुचवते.

हा प्रश्न मुंबईपुरता मर्यादित नाही. सुरतेच्या बमरोली–पांडेसरा भागात खानदेश, ओडिशा व उत्तर प्रदेशातून आलेले कामगार यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. एक जण कामावर गेला की त्याच जागेवर दुसरा येऊन झोपतो, अशाही खोल्या या शहरात आहेत. बमरोलीत २०१४ पासून सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरवले जाते. ही योजना निश्चितच स्तुत्य आहे. मात्र यंत्राच्या पाण्याचा झाला तितका विचार माणसाच्या अंगणाचा झालेला दिसत नाही.

‘लाउदातो सी’ (२०१५) या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी बजावले आहे की, वास्तूच्या देखणेपणाहून तेथील माणसांच्या जीवनाचा दर्जा मोलाचा आहे. हे वचन प्रथम आपल्यालाच लागू पडते, कारण दाटीच्या शहरांत आज पुष्कळदा ख्रिस्तसभेचे आवार हीच उरलेली मोकळी जागा असते. तेथे सभागृह, गाळे, वाहनतळ यांचे नकाशे मंजुरीला येतात तेव्हा धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी खर्चाबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. कोणते झाड जाणार? सावलीला बसणारा कोठे जाणार? मिस्सा संपल्यावर फाटक कोणासाठी उघडे राहणार? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर नकाशा कितीही सुबक असो, तो परत पाठवावा.