शांततेची वार्ता : युद्धवृत्ताचे एक धम्मपरीक्षण

युद्धाच्या काळात वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी वाहिन्या केवळ रक्तपाताच्याच बातम्या देतात, चांगले काही घडले तरी त्याची नोंद घेत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ही माध्यमे पक्षपाती आहेत, ही दुसरी तक्रारही तिच्या जोडीला असतेच. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. परंतु ‘चांगली बातमी’ म्हणजे नेमके काय आणि ती कोणाच्या दृष्टीने चांगली, याचा विचार न करता केलेली मागणी पाहता पाहता स्तुतिपाठाची मागणी होऊन बसते. म्हणून या प्रश्नाचा विचार पालि वाङ्मय आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ यांच्या आधाराने करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. रोहिणीकाठची बातमी

शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आपल्या वाचकांना परिचित आहे. धम्मपदाच्या सुखवग्गावरील अट्ठकथेत आणि कुणाल जातकाच्या प्रास्ताविक कथेत तो सविस्तर आला आहे. दोन्ही बाजूंची शेते एकाच बंधाऱ्यावर भिजत होती. ज्येष्ठ महिन्यात पिके सुकू लागली, तेव्हा पाणी आधी कोणी घ्यावे यावरून शेतावर राबणाऱ्या दासांमध्ये आणि मजुरांमध्ये बाचाबाची झाली. एकाने दुसऱ्याला मारले, आणि मग दोन्ही राजकुळांची उत्पत्ती काढून एकमेकांना अपशब्द वापरले गेले.

यापुढचा भाग वृत्तविद्येच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मजुरांनी ही हकिकत शेतीकामावरील अमात्यांना सांगितली आणि अमात्यांनी ती राजकुळांना सांगितली. दोन्हीकडची राजकुळे शस्त्रे घेऊन बाहेर पडली. भगवान तेथे आले आणि त्यांनी भांडण कशाचे आहे असे विचारले, तेव्हा राजांना ते सांगता येईना. सेनापतीला ठाऊक असेल, उपराजाला ठाऊक असेल, असे करीत प्रश्न एकेक पायरी खाली उतरत गेला. शेवटी दासांना आणि मजुरांना विचारल्यावर उत्तर मिळाले, की भांडण पाण्याचे आहे.

म्हणजे बातमी खालून वर जाताना तिच्यातील पाणी वाटेत गळून गेले आणि अपशब्द तेवढा शिल्लक राहिला. त्या अपशब्दासाठी दोन सैन्ये समोरासमोर उभी ठाकली होती. या कथेत कोणी धडधडीत खोटे बोललेले नाही. सांगणाऱ्याने काय ठेवले आणि काय गाळले, एवढ्यावर सारा अनर्थ अवलंबून आहे. वृत्तातील पक्षपाताचे हेच मूळ स्वरूप होय. त्याचा उपायही कथेतच आहे. ज्याच्या अंगावर घटना घडली त्याच्यापर्यंत खाली जाऊन विचारणे, हा तो उपाय.

२. भिक्खूंनी सांगितलेले युद्ध

संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात ‘संगाम’ नावाची दोन सुत्ते आहेत. पहिल्यात मगधराज अजातशत्रू कोसलराज पसेनदीवर चाल करून येतो आणि पसेनदी हरतो. दुसऱ्यात पसेनदी जिंकतो, अजातशत्रूला जिवंत पकडतो, त्याचे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ काढून घेतो. पण आपला भाचा म्हणून त्याला जिवंत सोडून देतो. श्रावस्तीत भिक्षाटनाला गेलेले भिक्खू ही दोन्ही वृत्ते परत येऊन भगवंतांना निवेदन करतात.

या निवेदनांत विशेषणे नाहीत. कोसलाच्या राजधानीत राहणाऱ्या भिक्खूंनी कोसलाचा पराभव जितक्या सरळपणे सांगितला, तितक्याच सरळपणे त्याचा विजयही सांगितला, आणि शत्रूला प्राणदान मिळाल्याची गोष्टही गाळली नाही. युद्धातील चांगली बातमी म्हणतात ती ही होय. मारता येत असताना एकाने दुसऱ्याला मारले नाही, ही घटनाही वृत्तात आलीच पाहिजे. भगवंतांचे भाष्य मात्र दोन्ही वेळा विजय-पराजयाच्या पलीकडे जाते. पहिल्या वेळी ते जिंकणाऱ्याच्या पदरी पडणाऱ्या वैराकडे आणि हरलेल्याच्या दुःखाच्या झोपेकडे लक्ष वेधतात. दुसऱ्या वेळी लुटणाऱ्यालाही लुटणारा भेटतो, हे कम्माचे चक्र दाखवतात. प्राणदानाची बातमी ऐकूनही त्यांनी उत्सव केला नाही, हे ध्यानात घ्यावे.

३. बाबासाहेबांनी लिहिलेले प्रकरण

बाबासाहेबांनी रोहिणीचा प्रसंग सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला, हे सर्वश्रुत आहे. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. दोन शाक्य, दोन कोलिय आणि त्यांनी निवडलेला पाचवा अशा मंडळाकडे वाद सोपवावा, असे सिद्धार्थाने सुचवले. पण बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. सैन्यात भरती होण्यास नकार देऊन त्याने परिव्रज्येचा मार्ग पत्करला. आपली व्याख्याने आणि प्रवचने बहुधा येथेच थांबतात. परंतु बाबासाहेब थांबले नाहीत. त्यांनी पुढे ‘शांततेची वार्ता’ या आशयाचे एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. राजगृही असलेल्या गौतमाकडे पाच परिव्राजक येतात आणि सांगतात, की तो गेल्यानंतर शाक्यांत आणि कोलियांत युद्धाविरुद्ध मोठी चळवळ झाली, स्त्रीपुरुषांनी आणि मुलामुलींनी मिरवणुका काढल्या, संघाला पुन्हा बैठक घ्यावी लागली, दोन्हीकडून प्रतिनिधी नेमले गेले, आणि पाण्याच्या प्रत्येक तंट्याचा निकाल देण्यासाठी कायमचे लवाद मंडळ स्थापन झाले.

अट्ठकथेत भगवान स्वतः उपस्थित राहून युद्ध टाळतात. बाबासाहेबांच्या ग्रंथात ते लोक टाळतात, आणि नायकाला ते केवळ बातमी म्हणून कळते. हा फरक सहज झालेला नाही. ज्यांनी 1920 साली ‘मूकनायक’, 1927 साली ‘बहिष्कृत भारत’, 1930 साली ‘जनता’ काढले आणि 1956 साली ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ केले, त्या पत्रकाराने आपल्या धम्मग्रंथात वार्तेला हे स्थान दिले आहे. त्या वार्तेची रचनाही पाहण्यासारखी आहे. युद्ध थांबले एवढेच सांगून ती संपत नाही. ते कोणी थांबवले, कसे थांबवले आणि पुन्हा पेटू नये म्हणून कोणती व्यवस्था केली, हे ती क्रमाने सांगते.

४. मे 2025 चे वृत्त

या कसोटीवर अलीकडचे एक उदाहरण तपासू. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाम येथे 26 निरपराध माणसांची हत्या झाली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील सहा जण होते. त्या दुःखाविषयी आणि संतापाविषयी दुमत असू शकत नाही. 7 मे रोजी लष्करी कारवाई सुरू झाली आणि 8 मेच्या रात्री अनेक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या, इस्लामाबाद ताब्यात आल्याच्या बातम्या सांगितल्या. त्या खोट्या होत्या. पूंछमध्ये गोळाबारात मृत्यू पावलेल्या, मदरशात शिकवणाऱ्या एका भारतीय शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवले. त्याचा खुलासा तेथील पोलिसांना करावा लागला. शत्रूच्या गोळ्याने मेलेल्या आपल्याच नागरिकाला शत्रू म्हणून दाखवणे, यापलीकडे मुसावाद तो कोणता?

10 मे रोजी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी गोळीबार थांबवण्याविषयी झालेली सहमती जाहीर केली. सीमेवरच्या खेड्यांसाठी त्या चार दिवसांतील सर्वांत मोलाची बातमी हीच होती. ती सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर आणि त्यांच्या कुटुंबीयांवर समाजमाध्यमांतून शिव्यांचा वर्षाव झाला. शांततेची वार्ता आणणाऱ्यालाच अपराधी मानावे, ही मनोवृत्ती एका रात्रीत तयार होत नाही. ती वर्षानुवर्षांच्या वृत्ताने घडवलेली असते.

याची आणखी दोन उदाहरणे आहेत. 25 फेब्रुवारी 2021 रोजी दोन्ही देशांच्या सैन्यांनी नियंत्रणरेषेवर शस्त्रसंधी पाळण्याचे संयुक्त निवेदन काढले, आणि त्यानंतर चार वर्षे ती बहुतांशी पाळली गेली. या काळात रेषेलगतच्या गावांत शेती झाली, शाळा भरल्या. घोषणेच्या दिवसानंतर ही बातमी जवळजवळ नाहीशी झाली. 1960 च्या सिंधू जलकराराचेही तसेच झाले. 1965 आणि 1971 ची युद्धे होऊनही तो करार आणि त्याचा स्थायी आयोग टिकून राहिला. बाबासाहेबांच्या लवाद मंडळाच्या इतके जवळचे दुसरे उदाहरण आपल्या उपखंडात क्वचितच सापडेल. तरीही सामान्य वाचकाला हा करार खऱ्या अर्थाने माहीत झाला तो 23 एप्रिल 2025 रोजी भारताने तो स्थगित ठेवण्याचा निर्णय घेतला तेव्हा. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा येथे विषय नाही. जे टिकते त्याची बातमी होत नाही आणि जे मोडते त्याचीच होते, एवढेच येथे दाखवायचे आहे.

५. राजाला हवी असलेली चांगली बातमी

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. चांगल्या बातमीची मागणी अनेकदा सत्ताधारीच करतात. 2003 मध्ये इराकवर आक्रमण केल्यानंतर अमेरिकेच्या शासनाने, दुरुस्त केलेल्या शाळा आणि रुग्णालये वृत्तपत्रांना दिसत नाहीत, अशी तक्रार वारंवार केली. शाळा दुरुस्त झाल्याही असतील. परंतु ज्या महासंहारक शस्त्रांचे कारण देऊन युद्ध पुकारले ती सापडली नाहीत, ही बातमी त्या शाळांच्या आड लपवता येत नव्हती.

मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तात याचे उत्तर मिळते. वचन सत्य आहे काय, हितकर आहे काय, आणि ऐकणाऱ्याला प्रिय आहे की अप्रिय, असे भेद तेथे केले आहेत. असत्य किंवा अहितकर वचन प्रिय असले तरी तथागत बोलत नाहीत; सत्य आणि हितकर वचन प्रिय असो वा अप्रिय, योग्य काळ जाणून बोलतात. बाळाच्या घशात खडा अडकला तर रक्त आले तरी तो काढावा लागतो, हा दृष्टान्त त्याच सुत्तातला आहे. म्हणून ‘चांगली’ याचा अर्थ ‘प्रिय’ असा घेता येत नाही. ‘सत्य आणि हितकर’ असाच घ्यावा लागतो. या अर्थाने पूंछ पोलिसांचा खुलासा चांगली बातमी आहे आणि कराचीची खोटी विजयवार्ता ही वाईट बातमी आहे, मग ती ऐकून कितीही टाळ्या पडोत.

६. आपल्या दाराशी

हा विचार दिल्लीच्या वाहिन्यांपुरता ठेवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. प्रस्तुत लेखक प्रवरेच्या कालव्यांच्या मुलखात, देवळाली प्रवरा येथे राहतो. दुष्काळी वर्षी जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न आला, की ‘पाणी पेटले’, ‘पाण्यासाठी युद्ध’ असे मथळे येथे झळकतात. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुळा, प्रवरा, गंगापूर आणि दारणा समूहांतून सुमारे 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हाही नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा अशी रणभूमी मांडली गेली. 2005 च्या कायद्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व काय आहे, जायकवाडीत 65 टक्के साठ्याचा निकष कशासाठी आहे, धरणाखालच्या भूमिहीन मजुराला या वाटपात काय मिळते, हे प्रश्न मथळ्याच्या खाली दबून जातात. रोहिणीकाठी जे घडले तेच येथे पुन्हा घडते. वर अपशब्द पोहोचतो आणि ज्या मजुराला कारण ठाऊक आहे त्याला कोणी विचारत नाही.

आपल्या समाजाचे वृत्तपत्रांशी असलेले भांडण जुने आहे. 1943 साली पुण्यात रानड्यांवरील व्याख्यानात बाबासाहेबांनी, पत्रकारिता हा एकेकाळचा व्यवसाय आता साबणाच्या उत्पादनासारखा धंदा झाला आहे, अशा अर्थाची परखड टीका केली होती. ती टीका आपण आवडीने सांगतो. पण आपल्या नियतकालिकांनी तरी काय केले? अत्याचाराचे वृत्त आपण देतो, आणि ते दिलेच पाहिजे. सोनई (2013) आणि खर्डा (2014) ही आपल्याच जिल्ह्यातील गावे आहेत; त्यांचा विसर पडणे हा अपराध ठरेल. परंतु एखाद्या गावात दोन वस्त्यांनी समेट केला, पाणवठा किंवा स्मशानभूमी खुली झाली आणि ती पुढेही खुली राहिली, तर त्यासाठी कोणी पुढाकार घेतला, कोणत्या अटी ठरल्या, याचा शोध आपले किती अंक घेतात? पिसुणवाचेपासून विरती म्हणजे केवळ चहाडी न करणे नव्हे. दुभंगलेल्यांना सांधणारी वाणी बोलणे हा तिचा दुसरा, विधायक अर्धा भाग पालि सुत्तांत स्पष्टपणे सांगितला आहे. तो अर्धा भाग आपणही सोडून दिला आहे.

७. समारोप

बाबासाहेबांच्या ग्रंथात शांततेची वार्ता ऐकल्यानंतर परिव्राजक गौतमाला घरी परतण्याची विनंती करतात. त्याला आनंद होतो, पण तो परतत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील संघर्ष प्रासंगिक असतो. वर्गावर्गांतील संघर्ष मात्र नित्याचा आणि अखंड असतो, आणि जगातील दुःखाच्या मुळाशी तोच आहे, असा विचार त्याच्या मनात येतो. खऱ्या चांगल्या बातमीने जिज्ञासू माणूस समाधान मानून झोपी जात नाही. तिच्यामुळे त्याला अधिक खोल प्रश्न दिसू लागतो.

म्हणून युद्धाचे वृत्त वाचताना आपण तीन प्रश्न विचारावेत. ज्याच्या अंगावर हे घडले त्याला कोणी विचारले काय? हिंसा जेथे थांबली तेथे ती कोणी आणि कशी थांबवली, हे सांगितले काय? आणि बंदुका शांत झाल्यावरही जो संघर्ष चालू राहतो, त्याच्याकडे कोणी पाहिले काय? हे प्रश्न दुसऱ्यांच्या वृत्तपत्रांना विचारण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच प्राप्त होईल, जेव्हा आपल्या स्वतःच्या पानांना आपण तेच प्रश्न विचारू. विहारात दर पौर्णिमेला जमणाऱ्या उपासक-उपासिकांनी आपापल्या गावातील समेटाची एक खरी, तपासलेली हकिकत लिहून आणावी. बाबासाहेबांनी धम्मग्रंथात शांततेच्या वार्तेला एक प्रकरण दिले. आपण आपल्या नियतकालिकात तिला निदान एक पान द्यावे.