उडत्या तबकड्या : साक्षीतील दर्शन आणि नामकरण

आकाशात काही अपूर्व पाहिल्याचे सांगणाऱ्या माणसाविषयी दोनच पक्ष संभवतात, असा सार्वत्रिक समज आहे : एक तर तो असत्य बोलतो, नाही तर त्याने परग्रहावरील यान पाहिले. हा विकल्पच सदोष आहे. साक्षीदार पूर्ण प्रामाणिक असूनही त्याची साक्ष अयथार्थ असू शकते. कारण साक्ष म्हणजे दर्शन नव्हे, दर्शनाचे भाषेतील निवेदन होय. भारतीय दर्शनांतील शुक्तिरजताचा दृष्टान्त येथे उपयोगी पडतो. ‘हे काहीतरी चकाकते आहे’ इथवर भ्रम नसतो; ‘हे रुपे आहे’ या विधानात तो शिरतो. उडत्या तबकड्यांविषयीच्या साक्षींत ही सीमा नेमकी कोठे ओलांडली गेली, हा चिकित्सेचा खरा विषय होय.

या साक्षींच्या परंपरेचा आरंभ सर्वपरिचित आहे. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरनजीक विमान चालवीत असता केनेथ अर्नोल्ड यांना नऊ चकाकत्या वस्तू ओळीने वेगात जाताना दिसल्या. रेनियर ते अ‍ॅडम्स या शिखरांमधील अंतर त्यांनी १ मिनिट ४२ सेकंदांत तोडले, असे अर्नोल्ड यांनी घड्याळावर टिपले आणि त्यावरून ताशी १,२०० मैलांहून अधिक वेग काढला. यातील वेळ हे निरीक्षण आहे. वेग हे अनुमान आहे. वस्तू आपल्यापासून वीसेक मैल दूर आहेत, या अंदाजावर ते उभे आहे. अंदाज बदलला की वेगही बदलतो.

याच घटनेतून ‘उडती बशी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वृत्तपत्रांत रूढ झाला. १९५० साली एडवर्ड मरो यांच्याशी बोलताना अर्नोल्ड यांनी खुलासा केला, की पाण्यावर आडवी भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशी त्या वस्तूंची गती होती; वार्ताहरांनी गतीची उपमा आकाराला लावली. संशयवादी लेखकांना हा खुलासा फार प्रिय आहे. उपमेचा साधारण धर्म बदलला, आणि पुढे लोकांना बशीच्या आकाराच्या वस्तू दिसू लागल्या, हा युक्तिवाद आकर्षक आहे खरा. तथापि घटनेनंतर दोनच दिवसांनी आकाशवाणीवरील मुलाखतीत अर्नोल्ड यांनी स्वतःच त्या वस्तूंना अर्ध्यात कापलेल्या थाळीची उपमा दिली होती. म्हणजे आकाराची उपमा सर्वस्वी वार्ताहरांच्या पदरी घालता येत नाही. तीन वर्षांनंतरची आठवण ही देखील साक्षच होय. साक्षीदाराच्या स्मृतीवर अविश्वास ठेवणाऱ्याने आपल्याला सोयीची स्मृती मात्र निःशंकपणे स्वीकारावी, हे न्याय्य नव्हे.

नाव प्रचारात आले, की ते पुढील दर्शनाला साचा पुरविते. मराठीतील ‘उडती तबकडी’ या शब्दानेही आकार आधीच ठरवून टाकला आहे. ३ मार्च १९६८ च्या रात्री अमेरिकेच्या अनेक राज्यांतून जळत्या तुकड्यांची एक रांग आकाशातून जाताना दिसली. ते सोव्हिएत झोंद-४ च्या मोहिमेतील वातावरणात परतणारे अवशेष होते, असा निष्कर्ष कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासात निघाला. अनेकांनी दृश्याचे वर्णन यथार्थ केले. काहींनी मात्र प्रकाशित खिडक्यांची एक लांबट, सलग वस्तू फार कमी उंचीवरून गेल्याचे सांगितले. ठिपके खरे होते. त्यांना जोडणारे यान ही मनाने केलेली पूर्ती होती.

शब्द स्मृतीत कसा शिरतो, याचे प्रमाण एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ मधील प्रयोगांत सापडते. त्यांपैकी एकात मोटारींच्या अपघाताची तीच चित्रफीत सर्वांना दाखवून वेगाविषयी विचारताना क्रियापद तेवढे बदलले. आठवड्यानंतर ‘फुटलेली काच पाहिली काय?’ असे विचारले असता, ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाचे क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी होकार दिला. ‘धडकल्या’ अशा अर्थाचे सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० जणांत असे ७ निघाले. चित्रफितीत फुटलेली काच मुळी नव्हतीच. प्रयोगशाळेतील प्रश्नाने जे साधले, ते वृत्तपत्रांतील एका लोकप्रिय नामाने व्यापक प्रमाणावर साधले नसेल, असे मानणे कठीण आहे.

यावरून सर्व साक्षी त्याज्य ठरतात काय? मुळीच नाही. अमेरिकन वायुदलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात १९६९ पर्यंत नोंदलेल्या १२,६१८ प्रकरणांपैकी ७०१ अनुकलित राहिली. या आकड्याला एक पक्ष पुरावा म्हणतो, दुसरा तो केवळ उरलेला गाळ मानतो. वस्तुतः ‘न ओळखलेली’ हे विशेषण वस्तूचा गुण सांगत नाही. पाहणाऱ्याच्या ज्ञानाची मर्यादा सांगते. त्यातून परग्रहवासी निष्पन्न होत नाहीत, तसा साक्षीदाराचा खोटेपणाही निष्पन्न होत नाही.

मराठीत ‘तबकडी होती’, ‘तबकडीसारखे होते’, ‘तबकडी असावी’ आणि ‘तबकडी होती म्हणे’ ही चार विधाने चार वेगळ्या प्रमाणांवर उभी आहेत. वार्ता एका मुखातून दुसऱ्या मुखात जाते, तेव्हा ‘सारखे’, ‘असावी’ आणि ‘म्हणे’ हेच शब्द प्रथम गळून पडतात. संशयाचे कार्य साक्षीदाराला खोटे पाडणे हे नसून, हे गळलेले शब्द पुन्हा जागी बसविणे हे आहे. ते कार्य स्वपक्षाच्या आवडत्या कथांवरही तितक्याच कठोरपणे झाले, तरच त्या संशयाला शास्त्रीय म्हणता येईल.