‘टायरो देवनागरी मराठी’ : टाइपाचें परीक्षण

कोल्हापूर, मिरज व भोंवतालच्या मुलखांत ज्यांनीं दप्तरें जमविलीं, त्यांस मोडी कागद वाचण्याचे कष्ट ठाऊक आहेत. तो कागद कोणत्या अक्षरांत छापावा याचा विचार मात्र क्वचितच होतो. शिशाच्या खिळ्यांच्या काळीं छापखान्यांत जो टाइप असे तो पत्करावा लागे. आज संगणकावर निवड संपादकाच्या हातीं आली आहे, आणि म्हणूनच दोषही त्याच्याच माथीं येतो.

प्रस्तुत टाइप कॅनडांतील टायरो टाइपवर्क्स या संस्थेचा. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनें मूर्ती अभिजात ग्रंथमालेसाठीं जो देवनागरी टाइप करविला, त्यांतून हा निघाला. २०२२ पासून तो विनामूल्य मिळतो. जॉन हडसन, फिओना रॉस व पॉल हॅन्स्लो हे त्याचे कर्ते. वळण मुंबईच्या निर्णयसागराचें. जावजी दादाजींनीं १८६४ सालीं टाइपाचा कारखाना व १८६९ सालीं छापखाना काढला, आणि त्यांच्या अक्षरांचे पंच राणोजी रावजी आरू यांनीं कोरले, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. (मिरजेस १८०५ सालीं तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली, पण तेथें कोरणाऱ्यास प्रत्येक अक्षर जागेनुसार वळवितां येई. खिळ्यास ती मोकळीक नाहीं.)

रोमन अक्षरांच्या टोकांस ज्या बारीक पायट्या असतात त्यांस सेरिफ म्हणतात. देवनागरीस त्या नाहींत. तिचें जाडपातळपण बोरूच्या तिरप्या कापापासून येतें. हा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूस असल्यामुळें दोन्ही लिपींतील जाड रेघा परस्परविरुद्ध अंगांस पडतात. अलीकडील पुष्कळ टाइपांत रोमन अक्षर आधीं आंखून देवनागरी त्याच्या मापांत कोंबलेली दिसते. असा ‘ह’ किंवा ‘क्ष’ परक्या हाताचा आहे हें डोळ्यास तत्काळ कळतें. टायरोच्या कर्त्यांनीं रोमन अक्षरें सोबत दिलीं, परंतु बोरूस आपल्या वाटेनें जाऊं दिलें. ‘ल’ व ‘श’ यांचीं मराठी रूपें, ज्यांस राज्य शासनानें २००९ सालीं प्रमाण मानलें, तीं येथें आपल्या जागीं आहेत. हिंदी व संस्कृत यांसाठीं वेगळीं भावंडें केलीं आहेत. हा विवेक आमच्या कित्येक छापखान्यांनीं दाखविला नव्हता.

आतां आमची तक्रार. या टाइपास एक सरळ व एक तिरपें अशीं दोनच रूपें आहेत; जाड रूप नाहीं. कादंबरी छापणाऱ्याचें त्यावांचून अडणार नाहीं. आमचें अडतें. जुन्या पत्रांत मजकूर मोडी असतो, आणि शिक्का व मोर्तब बहुधा बाळबोध. लिप्यंतरांत दोन्ही एकाच देवनागरींत उतरतात, आणि मूळ कागदावर डोळ्यांना दिसणारा लिपीभेद छापील पानांतून नाहींसा होतो. तो भेद राखण्याचें सुलभ साधन म्हणजे जाड अक्षर. तिरपें अक्षर त्या कामीं निरुपयोगी आहे. तो रोमन छपाईचा संकेत होय. आमच्या लेखकांनीं महत्त्वाचे शब्द वेगळे दाखविण्यास हिंगूळ व गेरू वापरला, चुकीवर हरताळ लावली. अक्षर वांकडें केलें नाहीं.

संगणकास जाड रूप न मिळाल्यास तो असलेलें अक्षरच फुगवितो. आम्हीं एका महजराच्या लिप्यंतरावर हा प्रयोग करून पाहिला. ‘ष’चें पोट बुजलें, ‘द्ध’ व ‘द्व’ ओळखूं येईनात. जेथें एका जोडाक्षरावर गांवाचें नांव ठरतें, तेथें ही क्षति लहान नव्हे.

दुसरें न्यून लहान टीपांचें. शिशाच्या काळीं प्रत्येक आकाराचे पंच वेगळे कोरीत, आणि लहान आकारांत पातळ रेघा किंचित् भरीव ठेवीत. येथें एकच आराखडा लहान होतो. तळटीपांत सांधे फिकट पडतात. पान छापण्यापूर्वीं कागदावर नमुना काढून पाहावा, पडद्यावर विसंबूं नये.

जमाखर्चाचे कागद छापणारांनीं पाव, निम, पाऊण यांचीं चिन्हेंही पडताळावीं. तीं २००९ सालीं युनिकोडांत आलीं. तीं नसलेल्या टाइपांत वसुलाचे आंकडे उतरविणें म्हणजे प्रत्येक आण्यास टीप जोडणें होय.

तूर्त मजकुरासाठीं या टाइपाहून चांगला आम्हांस आढळला नाहीं. शिक्के व मोर्तबें आम्हीं चौकटींत छापीत आहों. तिरपें रूप केवळ इंग्रजी ग्रंथनामांस वापरावें. कर्त्यांनीं बोरूच्या त्याच कापानें जाड अक्षर नव्यानें आंखून दिल्यास या चौकटी काढून टाकण्यास आम्ही तयार आहों.