झूल कोणी शिवायची?

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत आणि शहराच्या गल्ल्यांतही तान्हा पोळा भरतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांना हा मुलांचा सण कदाचित ठाऊक नसेल. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून तो चालत आल्याचे सांगतात. चाकांच्या पाटावर उभा केलेला लाकडी बैल दोरीने ओढत मुले चौकात आणतात. उत्तम सजावटीला बक्षीस असते. मग घरोघर बैल नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा सुटे पैसे, मागायचा.

या बैलांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक बैल एकाच घडणीचे असतात. पाय ताठ, मान वर, शिंगे वळवलेली. तरी रांगेतले दोन बैल सारखे दिसत नाहीत. एकाची झूल आईच्या जुन्या लुगड्याची, दुसऱ्याच्या शिंगांना बेगड, तिसऱ्याच्या गळ्यात बाटलीच्या बुचांची माळ. लाकूड सुताराचे, रूप मुलाचे.

हा बैल आम्हांला आठवला तो एका मोबाइलमुळे. गेल्या हिवाळ्यात सालेकसा तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही गेलो होतो. मधल्या सुट्टीत सातवीची काही मुले एका खेळाविषयी बोलत होती. खेळ सुरू होण्यापूर्वी आपले पात्र सजवायचे असते. चेहरा, केस, कपडे, बूट सारे निवडता येते. मुले उत्साहाने सांगत होती, ‘यात पाहिजे ते करता येते.’ तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, ‘सर, याच्यात माया आजीसारखी कोणीच नाही जी.’

‘पाहिजे ते’ आणि ‘कोणीच नाही’ ही दोन वाक्ये एकाच पडद्याविषयी खरी कशी असू शकतात, हे पाहण्यासाठी हा लेख.

लाकूड आणि झूल

आजच्या त्रिमिती खेळातले पात्र दोन भागांचे असते. पहिला भाग आकाराचा. हजारो लहान त्रिकोण एकमेकांना जोडून शरीराचे एक जाळे बनवतात. दुसरा भाग चित्राचा. सपाट चित्र या जाळ्यावर गुंडाळले की त्वचा, कापड, केस दिसू लागतात. वळलेल्या पृष्ठभागावर संगणकाने चित्र चढवण्याची ही रीत एडविन कॅटमल यांनी १९७४ साली यूटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात मांडली. वर्गात ती समजावून द्यायची असेल तर खडूचा रिकामा खोका उलगडून सपाट करा, त्यावर चित्र काढा आणि खोका पुन्हा जोडा. चित्राचा कोणता भाग कोणत्या बाजूला जातो हे मुलांना हाताने कळेल.

जाळे म्हणजे आपला लाकडी बैल आणि चित्र म्हणजे झूल. जाळे तसेच ठेवून चित्र बदलले की नवा वेश तयार होतो. निर्मात्याला हे स्वस्त पडते, कारण पात्राची चाल, उडी, वळणे जाळ्याशी बांधलेली असतात आणि ती पुन्हा करावी लागत नाहीत.

युक्ती जुनीच आहे. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ या खेळात मारिओ प्रथम आला, तेव्हा चित्रबिंदू इतके थोडे होते की तोंड रेखाटायला जागा नव्हती. म्हणून त्याला मिशा आल्या. केस हालताना दाखवणे कठीण, म्हणून टोपी आली. १९८३ सालच्या ‘मारिओ ब्रदर्स’मध्ये त्याचा भाऊ लुइजी आला तो त्याच आकृतीचे रंग बदलून. चित्राच्या प्रत्येक बिंदूपाशी रंग नसतो, रंगाचा क्रमांक असतो. क्रमांकांची यादी बदलली की लाल कपड्याचा भाऊ हिरव्या कपड्याचा होतो.

संगणकाच्या इतर आज्ञावलींनाही अशी झूल असते. १९९७ साली आलेली विनॅम्प ही गाणी वाजवणारी आज्ञावली पुढे याच गोष्टीसाठी गाजली. तिच्या मुख्य खिडकीचे रूप म्हणजे २७५ × ११६ चित्रबिंदूंचे एक साधे चित्र होते. ‘पेंट’मध्ये ते उघडून कोणीही बदलू शकत असे. जगभरच्या हौशी लोकांनी अशी हजारो रूपे तयार केली. काही अतिशय कुरूप होती. पण ती त्यांनी स्वतः केलेली होती.

रूप बदलणे ही केवळ हौस असते असेही नाही. ज्याला कमी दिसते त्याला काळ्या पार्श्वभूमीवर मोठी पांढरी अक्षरे लागतात. त्याच्यासाठी रूप बदलता येणे म्हणजे वाचता येणे. म्हणून या विषयाला वरवरचा म्हणून सोडून देऊ नये असे आम्हांला वाटते.

यादीची लांबी

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. समजा, एका खेळात २ शरीरे, १० चेहरे, २० केशरचना आणि ५० पोशाख आहेत. गुणाकार केला तर २०,००० वेगवेगळी पात्रे होतात. जाहिरातीत हा आकडा मोठा दिसतो. पण दहा चेहऱ्यांत सुरकुतलेला चेहरा नसेल, तर वीस हजारांतही एक आजी निघणार नाही. यादी कितीही लांब केली तरी यादीत जे घातलेच नाही ते गुणाकाराने येत नाही.

यादी कोण करतो, कशासाठी करतो, हे त्यामुळे विचारावे लागते. सगळ्यांच्या हातातले उदाहरण घेऊ. मोबाइलवर अंगठ्याचे चिन्ह दाबून धरले की त्वचेच्या पाच छटा पुढे येतात. युनिकोडने २०१५ साली त्या प्रमाणित केल्या. त्यांचा आधार म्हणजे थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ साली केलेले वर्गीकरण. त्वचारोगावर अतिनील किरणांचा उपचार करताना मात्रा किती द्यावी, यासाठी ते होते. प्रश्न असा की, उन्हात कातडी भाजते किती आणि रापते किती? पहिले चारही वर्ग गोऱ्या त्वचेचे होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे वर्ग नंतर जोडले गेले. युनिकोडने सहांपैकी पहिले दोन एकत्र करून पाच छटा घेतल्या. यात कोणाचा कट नाही. एका कामासाठी केलेली पट्टी दुसऱ्या कामाला वापरली गेली, एवढेच. पण वापरणाऱ्याला ती निसर्गाची पट्टी वाटते, आणि शिक्षकांनी इथेच बोलायला हवे.

खेळांतही हेच होते. ‘फ्री फायर’मध्ये २०२० साली जय नावाचे भारतीय पात्र आले, ते हृतिक रोशन यांच्यावर बेतलेले होते. भारतीय चेहरा हवा म्हटल्यावर निर्मात्यांना सिनेनट आठवावा, हे धंद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण सालेकशाच्या मुलीला त्यात आपले घर दिसत नाही. उलट ‘माइनक्राफ्ट’मध्ये २०२२ साली मूळ दोन चेहऱ्यांच्या जोडीला निरनिराळ्या वर्णांचे सात चेहरे आले. यादी सुधारता येते, हे त्यावरून दिसते. तरी नऊ चेहरे ही शेवटी यादीच.

पण वेश बदलायचाच कशाला?

यावर काही शिक्षक म्हणतील की मुलांनी आहे तसे राहावे, हे सोंग कशाला? आम्हांला हा आक्षेप पटत नाही. झाडीपट्टीत मंडईच्या रात्री दंडार आणि नाटके होतात. दिवसा धान मळणारा माणूस रात्री राजा होतो आणि गाव त्याला राजा म्हणून पाहते. दुसऱ्याचे रूप घेण्यात माणसाला फार जुना आनंद आहे. खेळातल्या मुलाने योद्धा व्हावे, मुलीने व्हावे, राक्षस व्हावे.

रूपाचा परिणाम मात्र वागण्यावर होतो. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना आभासी जगात उंच देह दिला, काहींना बुटका. मग पैशांची वाटणी करायला लावली. बुटक्या देहातली माणसे अन्यायाची वाटणी अधिक वेळा मान्य करत होती, उंच देहातली घासाघीस करत होती. देह कोणता मिळेल हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले होते. थोड्या मिनिटांच्या रूपाने एवढे होत असेल, तर रोज घेतलेल्या रूपाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

निवड नसणे हेही दरवेळी वाईट नसते. ‘रस्ट’ या खेळात २०१५ पासून त्वचेचा रंग खेळाडूला न विचारता ठरू लागला आणि तो बदलता येत नसे. जन्माने मिळतो तसा देह मिळाला आणि पुष्कळ खेळाडू चिडले. त्या चिडण्यातून त्यांना काही कळलेही असेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली केलेल्या ‘राजी’ या खेळाची चित्रे पहाडी शैलीवरून रंगवली आहेत. तिथे नायिकेचा वेश कथेने ठरवला आहे आणि तो शोभतो. चित्रकाराने विचारपूर्वक दिलेले एक रूप दुकानातल्या पन्नास पोशाखांपेक्षा सरस असू शकते.

पेटीतला पोशाख

आमचा खरा आक्षेप दुकानाला आहे. बहुतेक पोशाखांनी पात्राची ताकद वाढत नाही, ते फक्त दिसण्यापुरते असतात. तरी पुष्कळ मोफत खेळांचा धंदा त्यांच्यावर चालतो. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ २०२१ साली आला, तेव्हा १८ वर्षांखालील मुलांसाठी खर्चाची मर्यादा जाहीर झाली होती, दिवसाला ७,००० रुपये! ही मर्यादा ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणती मुले होती, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

त्याहून वाईट म्हणजे बंद पेटी. पैसे भरायचे, पेटी उघडायची, आत काय निघेल ते दैवावर. समजा, हवा तो पोशाख शंभरात एका पेटीत निघतो. मुलाला वाटते, शंभर पेट्या उघडल्या की तो मिळणारच. हिशेब करा. एका पेटीत न मिळण्याची शक्यता ०.९९. शंभर वेळा न मिळण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. शंभर पेट्या उघडूनही दर तीन मुलांत एकाहून अधिक रिकाम्या हातांनी परततील. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण मंडळाने २०१८ साली काही प्रसिद्ध खेळांतल्या अशा पेट्यांना जुगारच ठरवले. नववी-दहावीत संभाव्यता शिकवताना फासे आणि नाणी पुरेत, ही पेटीही घ्यावी.

तान्ह्या पोळ्यातही थोडे बाजारीपण आले आहे. तयार झुली विकत मिळतात, बक्षिसासाठी मोठी माणसेच बैल सजवतात. पण जुन्या लुगड्याची झूल घातलेल्या बैलाला रांगेतून कोणी बाहेर काढत नाही. ती वाट खुली आहे. ज्या खेळात ही वाट खुली आहे तो आम्हांला चांगला वाटतो, मग त्याच्या यादीत दहाच पोशाख असोत. ‘माइनक्राफ्ट’मध्ये ६४ × ६४ चौकोनांचे चित्र स्वतः रंगवून पात्राला चढवता येते. खुल्या वाटेने कोणी अचकट-विचकट चित्रेही आणेल, हे खरे. वर्गाच्या फळ्यावरही मुले तसे लिहितात. म्हणून आपण फळा काढून टाकत नाही.

वहीच्या चौकोनांवर

‘माइनक्राफ्ट’च्या त्या चित्रात चेहऱ्याच्या वाट्याला ८ × ८ म्हणजे ६४ चौकोन येतात. हे काम चौकटीच्या वहीवरही होते, संगणक लागत नाही. त्या शाळेत आम्ही दुसऱ्या दिवशी मुलांना ६४ चौकोन आखायला सांगितले आणि चारच रंग दिले. प्रत्येक चौकोनाला चार पर्याय, म्हणजे ४ चा ६४ वा घात. ही संख्या ३९ अंकी आहे. तीत निरर्थक ठिपक्यांचा भरणा फार, पण आजीही आहे. ती शोधून काढणे हेच काम.

त्या मुलीने वरच्या दोन ओळी पांढऱ्या ठेवल्या, ते केस. डोळ्यांना चार चौकोन गेले. मग ती बराच वेळ थांबली. कपाळावर मधोमध तिने एक निळा चौकोन भरला आणि म्हणाली, ‘हे गोंदण.’ आजीचे गोंदण एका चौकोनात बसले. तोंड काढायला मात्र ती विसरली. मारिओच्या चित्रकाराला पडला तोच पेच तिच्यापुढे होता, पण आजीला मिशा देण्याची सोय नव्हती!

पुढच्या पोळ्यानंतर आपल्या वर्गातल्या मुलांना दोन गोष्टी विचाराव्यात. तुमच्या बैलाची झूल कोणी शिवली? आणि तुमच्या मोबाइलमधल्या पात्राची? दोन उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि पुढचा तास मुलांकडे सोपवावा.